अळीचं डोकं घ्यायचं की शेपूट?



मका पंधरा-वीस दिवसांचा झाला की मोबाईलवर अळ्यांचे फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ, "लष्करीच का बघा जरा." फोटो दिसायला देखणा असतो, अळीचं तोंड एकदम स्पष्ट, मागचं सगळं धुरकट. पण ओळख पटवायची म्हटलं तर तो निम्माच फोटो. कराड-वाळवा पट्ट्यातल्या बऱ्याच जणांचं असंच होतंय, म्हणून आज त्याच्यावरच लिहितो.

अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात पहिल्यांदा सापडली ती मे २०१८ मध्ये, कर्नाटकात शिवमोग्याला. त्याच वर्षी ती आपल्या राज्यात शिरली. तिच्या खुणा दोन. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या आठव्या वळ्यावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. नुसत्या वायवर जाऊ नका, तसा फिकट वाय दुसऱ्या अळ्यांच्या डोक्यावरही दिसतो. चौकोन जास्त भरवशाचा. म्हणजे एक खूण ह्या टोकाला, दुसरी त्या टोकाला आणि मोठ्या अळीचं मधलं अंग तीन-साडेतीन सेंटिमीटर.

जवळून फोटो काढताना लेन्सला जेवढं स्पष्ट दिसतं तो पट्टा फार पातळ असतो. फोटोवाली पोरं त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. किडा जेवढा मोठा करून घ्याल तेवढा हा पट्टा पातळ होतो. अगदी जवळ गेलं तर एक-दोन मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. अळीच्या तोंडासमोर मोबाईल धरला तर तोंड त्या पट्ट्यात येतं आणि शेपूट बाहेर राहतं.

मोठ्या कॅमेऱ्यात ॲपर्चरचा आकडा आठवरून अकरा, सोळा केला की पट्टा जाड होतो. पण उजेड कमी पडतो, आणि रानात वारं असतंच, पान हललं की फोटो गेला. सोळाच्या पुढं तर सगळाच फोटो जरा मऊ पडतो. आपल्या मोबाईलमध्ये तो आकडा बहुतेक बदलताच येत नाही. मग आपल्या हातात दोन गोष्टी उरतात. एक, थोडं मागं सरायचं. क्लिपचं भिंग काढून वीतभर लांबून फोटो घ्या आणि नंतर कापून मोठा करा. अळी लहान येईल, पण जास्त भाग स्पष्ट येईल. दुसरी आणि खरी युक्ती म्हणजे मोबाईल अळीच्या अंगाला समांतर धरायचा, पाठीवर बरोबर वरून. मग डोकं आणि शेपूट लेन्सपासून सारख्याच अंतरावर येतात आणि पातळ पट्ट्यातही दोन्ही खुणा बसतात. बोटाने स्क्रीनवर अळीची पाठ दाबा, श्वास रोखा, मग बटण. सकाळी लवकर जावा, गारव्यात अळीही सुस्त असते आणि वारंही कमी असतं.

अळी पोंग्यात असली तर बहुतेक डोकं खाली घालून बसलेली असते. तिथं तोंडासाठी धडपडू नका, वर आलेलं शेपूट स्पष्ट घ्या. चार ठिपके तिथंच आहेत.

एवढा आटापिटा कशासाठी? २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा आपल्या हातात कॅमेऱ्याचे मोबाईल नव्हते. पान तोडून न्यायचं, आणि जाणकार माणूस भिंग वरखाली करून पानाची लोकर, लोकरीखालचा मावा, आणि त्या मावळ्यासारखी दडून बसलेली डिफाची अळी, सगळं एकाच पानावर बघायचा. ही डिफा म्हणजे मावा खाणारा आपला मित्र, आणि असल्या मित्रकीटकांनीच तो मावा आटोक्यात आणला. फोटो बघणाऱ्याला भिंग वरखाली करता येत नाही. तुम्ही जे स्पष्ट ठेवलं तेवढंच त्याला दिसतं. वरची लोकर तेवढी लख्ख आली तर तो मावा म्हणणार आणि फवारणी सांगणार. खालचा मित्र मावा खाता खाता फुकट मरणार.

गेल्या खरिपात भावकीतल्या एका पुतण्याने मक्याच्या पानावरच्या काळ्या किड्याचा फोटो पाठवला. पानाची कड स्पष्ट, किडा धुरकट. औषध आणून ठेवलेलं. म्हटलं, बाबा, पंप भरू नको, आधी बाजूने एक फोटो काढ. दुसऱ्या फोटोत सहा पाय आणि पाठीवरचे नारिंगी डाग दिसले. ढालकिड्याची अळी! दिसायला सुसरीसारखी, पण खाते मावा. औषधाची बाटली अजून त्याच्या खोपटात बंद आहे.

क्रायसोपाची अंडी तर केसाएवढ्या देठावर उभी असतात. वरून फोटो घेतला तर नुसता पांढरा ठिपका येतो. पान आडवं धरून बाजूने घ्या, देठ दिसला की कळतं, हे औषधाचं काम नव्हे.

तेव्हा मंडळी, तीन फोटो पाठवत चला. एक वरून, समांतर. एक बाजूने. आणि एक दोन हात लांबून, ज्यात पीक, पोंगा, पानावरची छिद्रं आणि भुश्यासारखी विष्ठा असं सगळं दिसेल. मागचं धूसर करून एकटा किडा उठावदार आला की लाईक भरपूर पडतात, पण तो कुठल्या पिकावर बसलाय तेच कळत नाही. औषधाचा निर्णय त्या तिसऱ्या फोटोवरही असतो.