वेळेची काटामारी

अचौर्य अणुव्रत घेतलेल्या श्रावकाने कोणते दोष टाळावेत हे सांगताना आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात पाच अतिचार आले आहेत. त्यांतील चौथा 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे घेताना जास्त आणि देताना कमी भरतील अशी वजनमापे वापरणे. तराजूची जागा आता विजेच्या काट्याने घेतली, तरी हा अतिचार जुना झालेला नाही. नालासोपाऱ्यातील एका घरी गेल्या चातुर्मासात त्याचा प्रत्यय आला.

घरातील आजोबांनी चाळीस वर्षे किराणा दुकान चालवले. नातू नववीत. शाळेतील एका मित्रासोबत तो रोज रात्री कन्सोलवर ऑनलाइन फुटबॉल खेळे. मित्र अर्नाळ्याचा. एके दिवशी इंटरनेटच्या केबलच्या मध्येच जोडलेले एक छोटे बटण आजोबांच्या दृष्टीस पडले. विचारल्यावर नातवाने काहीशा अभिमानानेच खुलासा केला.

अशा काही खेळांत दोघांपैकी एकाच्याच यंत्रावर सामन्याचा हिशेब ठेवला जातो. त्याने ऐन मोक्याच्या वेळी क्षणभर जोडणी तोडली, की समोरच्याचा पडदा थबकतो. तोडणाऱ्याचा खेळ मात्र चालूच राहतो. जोडणी परत आली, की मधल्या हालचाली एकदम पुढे येतात आणि गोल झालेला असतो. ही युक्ती नवी नाही. २००४ मध्ये आलेल्या 'हेलो २' या खेळात काही खेळाडू मोडेमचे 'स्टँडबाय' बटण दाबून हेच करीत. पुढे अनेक कंपन्यांनी सामन्याचा हिशेब स्वतःच्या सर्व्हरवर नेला, त्याचे एक कारण असे प्रकारही होते.

"आजोबा, मी त्याचं काही घेतलं नाही. खेळच तर आहे," नातू म्हणाला.

आजोबा म्हणाले, "पारड्याखाली मेण लावणाराही हेच म्हणतो. किलोमागे दहा ग्रॅम गेले तर गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. तो धान्यात काटा मारतो, तू वेळेत मारतोस."

वसई-विरारमध्ये ही लबाडी पचणे सोपे. पावसाळ्यात वीज जाते, तिच्यामागून नेट जाते. २०१८ च्या जुलैत तर वसई परिसर पाण्याखाली होता आणि अनेक वस्त्या दिवसचे दिवस अंधारात होत्या. त्यामुळे 'नेट गेलं' या दोन शब्दांवर येथे कोणी शंका घेत नाही. खोटे वजन खऱ्या वजनासारखे दिसावे, तशी ही सबब खऱ्या अडचणीसारखी दिसते.

"त्याला काय वाटतं, गोल का होतात?" आजोबांनी विचारले.

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याला वाटतं, त्याचंच नेट खराब आहे. त्याच्या बाबांनी दोन महिन्यांपूर्वी महागडा प्लॅन घेतला."

आजोबा काहीच बोलले नाहीत. नातवाने केबल काढली आणि बटण टेबलावर ठेवले.

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणानंतर नातवाने सर्वांना मोबाइलवरून 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवले. त्या यादीत अर्नाळ्याचा मित्रही होता. आजोबांनी एवढेच सांगितले, "दोषाचं नाव घेतल्याशिवाय आलोचना होत नाही."

पुढच्या रविवारी दोघे आगाशीला मुनिसुव्रत स्वामींच्या देरासरात दर्शनाला गेले. तेथून अर्नाळा जवळच. आजोबा बाहेर बाकावर बसले. मुलगा एकटाच मित्राच्या घरी गेला. सर्व ऐकून मित्राने एकच प्रश्न केला, "कोणकोणत्या मॅचला?" मुलाला उत्तर देता आले नाही. त्याने मोजलेच नव्हते. त्या दोन महिन्यांच्या जादा बिलाची रक्कम त्याने आपल्या साठवलेल्या पैशांतून देऊ केली. मित्राच्या वडिलांनी ती घेतली नाही. त्यांनी जुना प्लॅन मात्र पुन्हा सुरू केला.

दिवाळीनंतर दोघे पुन्हा खेळू लागले. परवा पावसाची अवेळी सर आली आणि नेट खरोखरच गेले. मुलाने तसे फोन करून कळवले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग मित्र म्हणाला, "ठीक आहे."

ती शांतता मुलाने आजोबांना सांगितली. आजोबा म्हणाले, "खोटं वजन सापडलेल्या दुकानात गिऱ्हाईक परत येतं. पण बराच काळ त्याची नजर काट्यावर असते. ती सोसायची, आणि माप पुरं भरत राहायचं."