हेलसिंकीची इर्जिक

हेलसिंकीच्या सिनेट चौकात विद्यापीठाची पिवळी इमारत पाहिली आणि अंमळ थबकलो. येथल्याच लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली संगणक चालविणाऱ्या 'लिनक्स'चा गाभा लिहून जगापुढे उघडा ठेवला. कुणीही वाचावा, सुधारावा! हजारो हात लागले. आज तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच आहे. अशा सामुदायिक श्रमाला फिन लोक 'ताल्कोत' म्हणतात. आपली इर्जिकच की! मात्र इर्जिकीत यजमान जेवू घालतो. २०१४ साली, निम्म्या जगाची गुपिते राखणाऱ्या 'ओपनएसएसएल' या अशाच खुल्या प्रणालीत मोठे भगदाड सापडले, तेव्हा तिच्यावर पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच निघाला. भरल्या पंगतीत वाढप्याची विचारपूस कुणी करायची?