वाढीच्या बाजूने

किंग्जबरी, लंडन
४ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू विचारलंस, बाळाच्या पाठीला नेमकं झालंय तरी काय. लेक शेजारीच बसली होती, म्हणून मी बोलणं दुसरीकडे वळवलं. आता सविस्तर लिहिते. हे पत्र वहिनीला आणि माईंनाही वाचून दाखव, म्हणजे घरात चार तोंडं चार गोष्टी बोलणार नाहीत.

बाळाचा कणा बाजूला वाकत वाढतो आहे. नुसता कलत नाही, वाढता वाढता स्वतःभोवती पिळतोही. त्या पिळाबरोबर बरगड्या फिरतात, म्हणून त्याला पालथं घातलं की पाठीची डावी बाजू उंच दिसते. याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाला झाला तर इन्फंटाइल स्कोलिओसिस. एमआरआय करून मज्जारज्जू तपासला, तो निर्दोष निघाला. कारण काही सापडलेलं नाही, आणि अशा बहुतेक बाळांत ते सापडतही नाही.

ग्रहणाचा विषय कोणी काढला तर तिथल्या तिथे थांबव, ताई. ग्रहणात भाजी चिरली म्हणून किंवा सातव्या महिन्यात जड बादली उचलली म्हणून हे झालेलं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत लेकीला तसं स्पष्ट सांगितलं, तरी रात्री उठून ती तेच उगाळत बसते. गावाकडून तसा एक शब्द आला तर तो तिच्या मनातून कधी जायचा नाही.

अशा बाळांपैकी पुष्कळांची पाठ आपोआप सरळ होते. अडचण तिथेच आहे. कोणाची होईल आणि कोणाची बिघडत जाईल, हे वरून पाहून कळत नाही, आणि म्हणून ‘थांबून बघू’ म्हणण्यात महिने जातात. हे ओळखण्याची रीत ज्यांनी शोधली त्या डॉक्टर मिन मेहता इथल्याच, रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलमधल्या. वाकाच्या मध्यावरच्या मणक्याशी दोन्ही बाजूंच्या बरगड्या किती अंशाचा कोन करतात हे एक्स-रेवर मोजायचं आणि दोन्हींतला फरक काढायचा. फरक वीस अंशांच्या आत असेल तर वाक बहुधा जातो, त्याहून जास्त असेल तर बहुधा वाढतो. १९७२ साली त्यांनी हे छापलं आणि आजही जगभर तसंच मोजतात. आपल्या बाळाचा फरक विसाच्या वर आला.

डॉक्टर मेहता तेवढ्यावर थांबल्या नाहीत. फ्रान्समधल्या कोत्रेल यांच्या प्लॅस्टरच्या पद्धतीत फेरफार करून त्यांनी तान्ह्या मुलांसाठी प्लॅस्टरचं जाकीट बसवायची रीत घालून दिली. २००५ मध्ये त्यांनी १३६ मुलांचा हिशेब मांडला. जावयांनी तो लेख मला ओळीनं समजावून सांगितला. त्यातली ९४ मुलं सरासरी एक वर्ष सात महिन्यांची असताना आली होती, वाक सरासरी ३२ अंश. ती साडेतीन वर्षांची होईतो त्यांच्या पाठी सरळ झाल्या, पुढे काही करावं लागलं नाही. उरलेली ४२ आली तेव्हा सरासरी अडीच वर्षांची होती, वाक ५२ अंश. त्यांचा वाक कमी झाला, गेला नाही. त्यांतल्या पंधरा जणांवर मणके जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागली.

एका वर्षाहून कमी अंतर आहे या दोन गटांत. मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचते. बाळ अजून दीड वर्षाचं नाही, एवढाच आमचा मोठा आधार.

तुझी धाकटी


किंग्जबरी
१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिलं प्लॅस्टर झालं. आता निवांत बसून सांगते.

मेहतांचं ते हॉस्पिटल स्टॅनमोरला, इथून तिसरं स्टेशन. ज्युबिली लाइन म्हणजे जमिनीखालची गाडी खरी, पण या बाजूला ती उघड्यावरून जाते, घरांच्या मागच्या अंगणांतून वाळत घातलेले कपडे दिसतात. स्टॅनमोरला लाइन संपते. तिथून ब्रॉकली हिल नावाची चढण. हा रस्ता रोमन लोकांनी आखलेला, लंडनहून सेंट ऑल्बन्सकडे जाणारा, आणि या टेकडीवर त्यांच्या कुंभारांच्या भट्ट्या सापडल्या आहेत. हॉस्पिटल वर, झाडांत. मिरजेच्या दवाखान्यांच्या गल्लीतून आलेल्या माणसाला इथली शांतता पहिल्यांदा अंगावर येते.

बाळाला पहाटेपासून उपाशी ठेवायचं होतं, भूल द्यायची म्हणून. ताई, त्या दिवसातलं सगळ्यात अवघड तेवढंच. ते दुधासाठी रडतं आणि आपण द्यायचं नाही. आमच्यासारखीच आणखी काही कुटुंबं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर एक भुकेलं लेकरू. तिथे ओळखी व्हायला वेळ लागत नाही. एक सोमाली आई होती, मुलीचं चौथं प्लॅस्टर. एक पोलिश वडील, एकटेच आलेले. कच्छ सोडून आफ्रिकेमार्गे आलेल्या घरातली एक गुजराती सून, तिचा मुलगा प्लॅस्टर संपवून आता काढता-घालता येणाऱ्या ब्रेसवर आलेला.

आत एकालाच जाता येतं. जावई गेले, भूल चढेपर्यंत बाळाला छातीशी धरून राहिले आणि रिकाम्या हातांनी बाहेर आले. त्या पोलिश वडिलांनी काही न बोलता शेजारची खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, पुढच्या खेपेला बायकोला आत जाऊ दे. एकच माणूस दर वेळी गेला तर दुसऱ्याला बाहेर बसून जे वाटतं ते त्याला कधीच कळत नाही. जावयांनी ते मनावर घेतलं आहे.

आत काय करतात तेही ऐक. एका लहानशा लोखंडी चौकटीवर बाळाला उताणं, जवळजवळ अधांतरी ठेवतात. डोकं आणि कंबर यांना हलका ताण देतात. अंगात घट्ट बनियन, त्यावर कापूस, त्यावर प्लॅस्टर. ते ओलं असताना डॉक्टर तळहातांनी फिरलेल्या बरगड्या मागून उलट्या फिरवतात. वाक बाजूने दाबून सरळ करायचा नसतो, पीळ सोडवायचा असतो. बरगड्यांवर नुसता दाब दिला तर छातीच चेपेल. सुकल्यावर पुढे छाती-पोटावर मोठी खिडकी कापतात, श्वासासाठी आणि जेवणासाठी, आणि मागे वाकाच्या खोलगट बाजूला दुसरी. त्या मागच्या खिडकीतून आत बसलेली बाजू बाहेर यायला जागा मिळते. बळ बाळाच्या वाढीचं, प्लॅस्टर फक्त दिशा देतं. तासगावच्या बागेत भाऊजी द्राक्षाचा कोवळा वेल मांडवाला बांधतात ना, तसं. पहिल्या दोन वर्षांत मूल जेवढ्या वेगाने वाढतं तेवढं पुढे वाढत नाही, आणि वाकलेल्या पाठीला हाच वेग आणखी वाकवतो. म्हणून घाई. आणि शस्त्रक्रिया एवढ्यात नको, कारण मणके लवकर जोडून टाकले तर छाती लहान राहते, आणि आत वाढणाऱ्या फुप्फुसांना जागा उरत नाही.

एक्स-रेवर ३८ अंशांचा वाक प्लॅस्टरच्या आत २१ वर आलेला दिसला. लेकीने तो फोटो फोनमध्ये ठेवला आहे.

पण घरी आल्यावर काय करायचं ते एक्स-रे सांगत नाही. ते त्या बायकांनी सांगितलं. डॉक्टर आणि नर्स यांनी लेखी सूचना दिल्या होत्या, चांगल्या होत्या. पण रात्री तीन वाजता प्लॅस्टर घातलेलं बाळ कसं उचलायचं हे ज्याने उचललंय तोच सांगणार. सोमाली बाई म्हणाली, पहिले दोन-तीन दिवस ते चिडचिड करील, कुशीवर वळणार नाही, तुला वाटेल आपण त्याचा छळ मांडलाय. चौथ्या दिवशी ते विसरेल, तू मात्र विसरायला वेळ घेशील. चौथ्या नाही, पाचव्या दिवशी आमचं बाळ भिंतीला धरून उभं राहिलं.

त्या गुजराती सुनेने तर आमच्यासाठी वहीच उघडली. लहान मापाचं डायपर प्लॅस्टरच्या कडेखाली खोचायचं आणि वरून मोठ्या मापाचं बांधायचं, म्हणजे प्लॅस्टर भिजत नाही. कडा मऊ चिकटपट्टीच्या पाकळ्या कापून मढवायच्या. एका वेळी पोटभर भरवायचं नाही, थोडं थोडं सहादा. पोट फुगलं की खिडकीच्या कडेला काचतं. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसणं, आणि केस धुताना त्याला ओट्यावर आडवं धरून डोकं तेवढं बेसिनवर. कपडे दोन माप मोठे. वाळूत खेळू द्यायचं नाही, कण आत गेला की कातडी सोलते. घाम आला तर केस वाळवायचं यंत्र थंड हवेवरच. रोज टॉर्च लावून कडेच्या आत बघायचं आणि वास घ्यायचा. वास बदलला, ताप आला, पायांची बोटं गार किंवा निळी दिसली, श्वास जड वाटला तर रात्र असो की दिवस, हॉस्पिटलला फोन. कापायच्या करवतीचा आवाज भयंकर असतो, पण तिचं पातं गोल फिरत नाही, थरथरतं, म्हणून कातडी कापत नाही. आवाज ऐकू येऊ नये म्हणून मुलाच्या कानांवर जाड हेडफोन लावायचे.

मी हे सगळं मराठीत उतरवून घेतलं आहे. वही परत येताना आणीन.

तुझी धाकटी


किंग्जबरी
१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवाळी इथे बरी झाली. डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळात गेलो होतो. १९३२ पासूनचं मंडळ आहे, हेही ज्युबिली लाइनवरच, आमच्याहून तीन-चार स्टेशनं अलीकडे. लेकीने आधी नको म्हटलं होतं. बाळाला कोणी कौतुकाने उचललं की हाताला लाकडासारखं लागतं आणि मग प्रश्न येतात. शेवटी गेली, आणि बाळाचं झबलं वर करून तिने स्वतःच सगळ्यांना प्लॅस्टर दाखवलं. निळं आहे, वरचा थर रंगीत मिळतो. नगरकडच्या एका आजींनी त्यावर बोट फिरवून विचारलं, याची सुटका कधी व्हायची? लेक म्हणाली, दोन-दोन महिन्यांनी नवं, असं साधारण वर्षभर, मग ब्रेस. ती हे न अडखळता बोलली. महिन्यापूर्वी तिला जमलं नसतं.

या दोघांचंही तुला सांगायला हवं. सुरुवातीला घरात फार ताण होता. जावई रात्री जागून लेख वाचायचे आणि सकाळी चहाबरोबर आकडे सांगायचे, आणि तिला आकडा ऐकला की धडकी भरायची. ते उपाय शोधत होते, तिला कोणी शेजारी नुसतं बसायला हवं होतं. दोघांचं चुकत नव्हतं. त्या गुजराती सुनेच्या नवऱ्याने जावयांना सांगितलं, तू वाच, लिहून ठेव, ती विचारेल तेव्हाच सांग. आता एक वही आहे. तिला वाटलं तर ती उघडते. आठवड्यातल्या रात्री त्यांनी वाटून घेतल्या आहेत, आणि शनिवारी दुपारी मी बाळाला घेते आणि दोघं बागेत चालून येतात. लेकरू आजारी असलं की आईबाप नवरा-बायको राहत नाहीत, दोन पाळ्यांचे नोकर होतात. ते होऊ द्यायचं नाही, म्हणून मी दार लावून त्यांना बाहेर घालवते.

परवा लेकीला एका अनोळखी बाईचा फोन आला. मुलगी अकरा महिन्यांची, पहिलं प्लॅस्टर पुढच्या आठवड्यात. कोणाकडून तरी नंबर मिळाला होता. लेक तासभर बोलत होती, दोन मापांचं डायपर, करवत, पहिले तीन दिवस. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्या सोमाली बाईचं वाक्य तिने जसंच्या तसं पुढे दिलं.

आता तुला एक काम सांगते, आणि ते मनापासून कर. आपल्याकडे तान्ह्या बाळाला रोज तेल लावतात. तेल लावणारी बाई बाळाला पायांवर पालथं घालते, तिचा अंगठा रोज कण्यावरून फिरतो. आईच्या आणि डॉक्टरच्या आधी तिला कळू शकतं. आपल्या गल्लीतल्या तेल लावणाऱ्या मावशींना सांग, आणि अंगणवाडीच्या बाईंनाही सांग. पाठीची एक बाजू उंच वाटली, बाळ सारखं एकाच बाजूला कललेलं दिसलं, डोकं एका बाजूने चपटं असून पाठही तिरकी वाटली, तर चोळून सरळ करायचा प्रयत्न करायचा नाही. चोळून हा वाक जात नाही. बाळाला लहान मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यायचं, एक्स-रे काढायचा आणि बरगड्यांचा कोन मोजायला सांगायचं. मिरज-सांगलीत नाही जमलं तर पुणे-मुंबई गाठायची. डॉक्टर थांबून बघू म्हणाले तरी पुढचा एक्स-रे कधी, ती तारीख त्यांच्याकडून लिहून घ्यायची.

आणि असं घर तुला सापडलं तर माझा नंबर त्यांना दे.

तुझी धाकटी