तांब्याची पानं

‘‘मैडमजी, ये तो सूख गया। उखाड़ दूँ?’’ दर डिसेंबरात माळीदादा कुंपणाजवळच्या धोकच्या झाडाकडे बोट दाखवून विचारतात. मग मी फांदीचं टोक नखानं खरवडते. सालीखाली ओलं हिरवं असतं. पानं तेवढी तांब्याची झालेली.

जयपुरातल्या आमच्या जवाहर नगरच्या पूर्वेला डोंगर आहे, त्यामुळे आमच्याकडे ऊन उशिरा उतरतं. त्या उन्हात हिवाळाभर उतार गेरूच्या रंगाचा दिसतो. मला आधी तो खडकाचा रंग वाटायचा. रंग खडकाचा आहेच, पण धोकच्या पानांचाही आहे. मधेमधे ठळक हिरवे पट्टे दिसतात, ते आपल्या ओळखीच्या वेड्या बाभळीचे. ती परदेशातून आली आणि अरवलीत धोकच्या जागेवर पसरली. हे कळल्यापासून डोंगरावरची हिरवाई बघून मला पूर्वीसारखा आनंद होत नाही.

आधी मीही रंगीत पानांसाठी क्रोटन लावले होते. मे महिन्यातल्या लूनं दोन वर्षं त्यांच्या कडा करपवल्या. मग एका स्नेह्यांनी धोकचं वीतभर रोप दिलं. या झाडाला बी भरपूर धरतं, पण उगवतं फार थोडं, म्हणून रोपाचं मोल मोठं. डोंगरावर शेळ्यांनी ओरबाडलेला धोक चटईसारखा खडकाला चिकटून वर्षानुवर्षं तग धरतो. माझं रोपही दोन पावसाळे गुडघ्याच्या वर आलं नाही. वाढायची घाई त्याला नाही, आणि आता मलाही उरली नाही.

आपल्या सह्याद्रीतला धावडा याचा सख्खा भाऊ. आई डिंकाच्या लाडवांसाठी धावड्याचाच डिंक हवा म्हणून हटून बसायची. थंडीत त्याचीही पानं लालसर होतात. परमुलखात हे नातं हाती लागलं त्या दिवशी मला इथलं अंगण पहिल्यांदा आपलं वाटलं.

पान हातात घेतलं तर बोटाच्या पेराएवढं. शिरेजवळ अजून हिरवी रेघ, कडेला विटकरी, मधे तांबूस. झाड पानातलं कामाचं तेवढं फांदीत ओढून घेतं आणि मागे हा रंग ठेवतं. पावसाळा येईपर्यंत कोरडे महिने काढायचे तर पानांचा भार नको.

गळलेली पानं मी झाडू देत नाही. सातभाईंचा थवा येतो, एकेक पान उलथतो, खालचे किडे टिपतो, सगळा वेळ भांडत. ऊन तापलं की सापसुरळी पाचोळ्यात सळसळते. झालान्याचं बिबट्यांचं रान इथून जवळच. एखाद्या रात्री मोर अवेळी ओरडतात, मग गल्लीतली सगळी कुत्री. मी दिवा न लावता खिडकीशी उभी राहते. सकाळी धोकखालचा पाचोळा विस्कटलेला असतो. मुंगूस असेल, मांजर असेल. माळीदादा खराटा घेऊन येतात, माझ्याकडे बघतात आणि फाटकाबाहेरचा रस्ता झाडायला लागतात.