नारळ-चॉकलेटच्या वड्या आणि लपवलेला ट्रे

आमच्या घरात चॉकलेट कधी विकत आणावे लागत नसे आणि नारळही. चॉकलेट कुवेतहून यायचे, नारळ वाडीतून.

मुलीचे अब्बू सोळा वर्षे कुवेतला नोकरीला होते. ते सुट्टीवर आले की बॅग उघडण्याचा मान सासूबाईंचा. आधी अत्तर, साबण, चादरी निघायच्या आणि मग तळाशी दाबून भरलेली चॉकलेटे. सासूबाई ती मोजायच्या आणि शेजारपाजारच्या घरांसाठी पुड्या बांधायच्या. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत हे असेच चालत आले आहे. माझ्या लेकीची नजर मात्र एकाच चॉकलेटवर असायची. निळ्या वेष्टनातले बाउंटी, आत ओले गोड खोबरे आणि वर चॉकलेट. पुड्या बांधताना दादी त्यातली दोन हळूच तिच्या फ्रॉकच्या खिशात टाकायची.

नारळांचे म्हणाल तर श्रीवर्धनच्या बाजूला आमची लहानशी वाडी. बेचाळीस माड आणि मध्ये पोफळी. सासूबाई हिशेब न करता नारळ फोडायच्या. पाहुणा आला की खोबऱ्याच्या वड्या ठरलेल्या.

मग २०२० साल आले. टाळेबंदीत कुवेतची कंपनी बंद पडली आणि हे तिकडेच अडकले. इकडे ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दुपारभर आम्ही तिघी आतल्या खोलीत दार धरून बसलो होतो. बाहेर आलो तेव्हा वाडीत आकाश दिसत होते. बेचाळीसपैकी नऊ माड उभे राहिले होते. ऑगस्टमध्ये हे परत आले ते कायमचे. त्या वेळी बॅगेच्या तळाशी काही नव्हते. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने बॅगेकडे पाहिले आणि काही न विचारता अब्बूंसाठी पाणी आणले.

आता हे पर्यटकांसाठी गाडी चालवतात. माझी नोकरी आहे, घर चालते, अल्हम्दुलिल्लाह. वाडीत नवी रोपे लावली, पण माड काही एका पावसाळ्यात फळत नाही. नारळ बाजारातून आणताना सासूबाई आजही भाव विचारतात आणि गप्प होतात.

हे एवढे सांगितले, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट क्षुल्लक वाटेल.

गेल्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली ही गोष्ट. शाळेत निकालाचे काम सुरू होते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे माझ्या पिशवीत दोन विषयांचे गठ्ठे आणि एक लाल पेन कायम असते. संध्याकाळी घरी आले तर घरात जळका वास. लेकीने सांगितले, “दूध उतू गेलं, अम्मी.” मी थकले होते. दूध उतू जाऊ न देण्याविषयी चार वाक्ये बोलले आणि अस्रच्या नमाजला उभी राहिले.

तीन दिवसांनी मागल्या अंगणात सोडणांच्या ढिगाखाली मला आमचा ओव्हनचा चौकोनी ट्रे सापडला. वरून कोळसा आणि खाली कच्चा लगदा. मुंग्यांनी तो भरला होता.

मी हाक मारली. आवाज वर्गातला होता, ते मलाच ऐकू आले. लेक आली, ट्रेकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. हळूहळू सगळे बाहेर आले. तिला अब्बूंसाठी ते निळ्या वेष्टनातले चॉकलेट घरी करायचे होते. मोबाइलवर एका अमेरिकन बाईंची कृती पाहिली होती. खाली बिस्किटांचा थर, मध्ये नारळ, वर चॉकलेट. ईदीच्या पैशांतून तिने चॉकलेट आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणला. घरातले दोन नारळ फोडले. कृतीत ३५० डिग्री सांगितले होते. आमच्या ओटीजीचे बटण २५०च्या पुढे जातच नाही. तिने ते शेवटपर्यंत फिरवले आणि ट्रे वरच्या कप्प्यात ठेवला.

“अगं, ते फॅरनहाइट! तिकडे फॅरनहाइटमध्ये मोजतात. विज्ञानात सूत्र नाही का शिकलीस? बत्तीस वजा कर, पाचाने गुण, नवाने भाग. एकशे सत्त्याहत्तर येतात. मला विचारायचं तरी!”

ती खाली बघत म्हणाली, “तुला विचारलं की तू आधी चूक काढतेस.”

मी काही बोलणार तोच ती म्हणाली, “अजून एक लपवलंय.” आत गेली आणि दप्तरातून गणिताच्या चाचणीचा पेपर घेऊन आली. जानेवारीतला. पंचवीसपैकी आठ. खाली पालकांच्या सहीच्या जागी माझे नाव होते, माझ्या वळणाच्या उर्दूत, आणि ते तिने लिहिले होते.

ती माझ्या शाळेत शिकत नाही, म्हणून मला कळले नव्हते. मी वीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते. पालकसभेत मीच आयांना सांगते, “मुलं तुमच्याशी मोकळेपणानं बोलतात का, ते बघा.” तो पेपर हातात घेऊन मी किती वेळ उभी होते, मला आठवत नाही. खोटी सही ही मोठी गोष्ट आहे, हे मी तिला सांगितले आणि ते सांगायलाच हवे होते. पण त्याहून मोठी गोष्ट मला दिसत होती. चार महिने हे मूल माझ्यासमोर जेवत होते, अभ्यासाला बसत होते आणि मला घाबरत होते.

रात्री ईशानंतर सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना सगळे ठाऊक होते. ट्रे लपवताना त्यांनी तिला पाहिले होते.

“मग मला का नाही सांगितलंत?” मी विचारले.

“तिनं सांगायची वाट बघत होते,” त्या म्हणाल्या. “मी नवी आले ना या घरात, तेव्हा खोबऱ्याच्या वडीचा पाक पुढे गेला माझा. वडी अशी झाली की पाट्यावर फोडावी लागली असती. मी ती तांदळाच्या कणगीत लपवली. सासूनं काढली. काही बोलली नाही. पातेल्यात टाकली, वर दूध ओतलं, पुन्हा चुलीवर ठेवली. अर्ध्या तासात वडी झाली मऊ.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “जळलेलं भांडं घासता येतं गं. लपवलेलं कसं घासणार?”

दुसऱ्या दिवशी मी ट्रे राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासायला घेतला. लेक बाजूला येऊन बसली आणि तिने दुसरा काथ्या उचलला. एक कोपरा काही केल्या स्वच्छ झाला नाही. मी म्हणाले, “रविवारी परत करू. तू कर, मी हाताखाली.”

ज्या भगिनींना करून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी प्रमाण देते. आठ इंची चौकोनी ट्रेला बटर पेपर लावायचा. २०० ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा आणि १०० ग्रॅम वितळलेले लोणी एकत्र करून वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसवायचे. मधल्या थरासाठी २०० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस आणि ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा. ओला नारळ तसाच घालू नये. त्याच्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. पहिल्या वेळी खालचा थर लगदा झाला तो त्यामुळेच. घरचाच नारळ वापरायचा असेल तर खवून मंद आचेवर, रंग न बदलता, मोकळा होईपर्यंत परतून घ्यावा. आम्ही अर्धे अर्धे घेतले, कारण सासूबाईंना ओल्या नारळाशिवाय वडी म्हणजे काही खरे वाटत नाही. ओव्हन आधी दहा मिनिटे १७५ डिग्रीवर तापवून, ट्रे मधल्या कप्प्यात, वीस ते पंचवीस मिनिटे. कडा सोनेरी झाल्या की बाहेर. मधला भाग मऊ वाटतो, तो गार झाल्यावर धरतो.

कृतीत व्हॅनिला होता. काही व्हॅनिला अर्क अल्कोहोलमध्ये केलेले असतात, म्हणून आम्ही वेलची घातली, आणि खोबऱ्याला तीच शोभते. चॉकलेटच्या पाकिटावर इमल्सिफायर लिहिलेला दिसला की मी हिरवे चिन्ह पाहून घेते. ते असेल तर तो प्राण्याच्या चरबीपासून केलेला नसतो.

मी ठरवले होते की तोंड उघडायचे नाही. हे पेपर तपासण्यापेक्षा अवघड होते. तिने बिस्किटे लाटण्याने कुटली तेव्हा चुरा ओटाभर उडाला. तिने कीस आधी घातला आणि दूध नंतर, मी उलटे केले असते. दोनदा माझी जीभ टाळ्याला लागली आणि परत आली. वड्या मात्र नीट भाजल्या गेल्या.

वरचे चॉकलेट वितळवायचे काम तिने माझ्यावर सोपवले आणि ती दादीला दाखवायला बाहेर गेली. २०० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे वाडग्यात, वाडगा गरम पाण्याच्या पातेल्यावर. छान वितळत होते. मी झाकणी उचलून बाजूला ठेवताना तिच्यावरचे पाण्याचे थेंब वाडग्यात पडले. बघता बघता चॉकलेट घट्ट झाले, खडबडीत, ओल्या मातीसारखे. वितळलेल्या चॉकलेटला थोडेसे पाणी चालत नाही. त्यातली साखर ते थेंब ओढून घेते आणि सगळे गोळा होते.

आणि आता जे झाले त्यासाठीच हा लेख लिहिते आहे. मी दाराकडे पाहिले. ती अजून बाहेरच होती. कपाटात सासूबाईंसाठी ठेवलेले एक चॉकलेट होते. माझा हात वाडगा घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे गेलासुद्धा. तिच्या नजरेला पडायच्या आत दुसरे वितळवावे, झाले. पंचेचाळीस वर्षांची मी, बी.एड. झालेली, आणि माझ्या मुलीने केले तेच करायला निघाले होते. कुणाच्या भीतीने, तेही कळेना. चूक दिसली की काय होते, हे मला लहानपणापासून माहीत होते. तेच मी घरात पुढे चालवले होते.

मी हाक मारली, “बेटा, इकडे ये. माझ्याकडून चॉकलेट बिघडलं.”

ती धावत आली. वाडग्यात पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि इतक्या दिवसांनी हसली. “आता गं?” सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “दूध घाल.” आणि ते खरेच आहे. थेंबभर पाण्याने चॉकलेट बिघडते, पण गरम दूध एकेक चमचा घालून घोटत राहिले की पुन्हा सैल होते. चौथ्या-पाचव्या चमच्याला चमक आली. वडीवर ते कडक बसत नाही, मऊ सायीसारखे राहते. फ्रिजमध्ये दोन तास ठेवून, गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसलेल्या सुरीने तिने सोळा वड्या कापल्या.

हे रात्री उशिरा आले. लेकीने बशी पुढे ठेवली. त्यांनी एक वडी खाल्ली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ती निळी चॉकलेटं अशी लागायची होय?”

आम्ही तिघी पाहत राहिलो. सोळा वर्षे त्यांनी ती आणली होती. तिथे कधी एक फोडून खाल्ले नव्हते.

“का नाही खाल्लंत?” लेकीने विचारले.

“मोजून आणायचो ना, बेटा.” त्यांनी दुसरी वडी उचलली. सासूबाईंनी उरलेल्या वड्यांतल्या चार पुडीत बांधल्या आणि दोन शेजारी पाठवल्या. पुडी बांधताना त्यांचा हात पूर्वीसारखाच चालत होता.

गणिताच्या बाईंना मी जाऊन भेटले. लेक बरोबर होती आणि सहीचे तिने स्वतः सांगितले. शिक्षा झाली आणि ती तिने सोसली. आता आठवड्यातून तीन दिवस ती गणिताच्या शिकवणीला जाते. मी बदलले असे म्हणणार नाही. परवाच तिच्या निबंधातली वेलांटी दाखवताना माझा आवाज चढला, तिने नुसते “अम्मी, ट्रे” म्हटले आणि मी थांबले.

गेल्या सोमवारी मी शाळेतून आले तर ती दारातच उभी होती. मी चप्पलही काढली नव्हती.

“अम्मी, गणितात अकरा.”

“पंचवीसपैकी?”

“हो.”

अकरा म्हणजे काही फार नव्हेत. पण हे अकरा मला त्याच दिवशी कळले होते. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “चहा टाक. मग दोघी बसून बघू, कुठे अडलंय ते.”