पदवीच्या कागदावर

विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्रावर मजकूर थोडाच असतो. विद्यार्थ्याचं नाव, महाविद्यालय, परीक्षेचा महिना आणि वर्ष, श्रेणी, पदवीचं नाव, प्रदान केल्याची तारीख, कुलगुरूंची सही. घरी गेल्यावर तो कागद कपाटात पडून राहतो. नोकरी, व्हिसा किंवा पुढचा प्रवेश आला की बाहेर निघतो आणि समोरचा माणूस त्यातला शब्द न् शब्द तपासतो. राज्यातल्या एका विद्यापीठाच्या परीक्षा भवनात हा मजकूर तयार करणाऱ्या कक्षात माझी सगळी नोकरी झाली. आमच्या खिडकीवर येणाऱ्या बहुतेकांचे गुण बरोबर असायचे; अडायचं ते शब्दांपाशी. हे शब्द कोणाच्या सोयीने लिहायचे, विद्यापीठाच्या की ज्याला तो कागद जन्मभर दाखवत फिरायचंय त्याच्या, हा प्रश्न मला तिथे भेटला आणि निवृत्तीनंतरही त्याने पाठ सोडलेली नाही.

सुरुवात नावापासून. आपल्याकडे परीक्षेच्या अर्जात आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि बऱ्याच विद्यापीठांत शेवटी आईचं नाव लिहितात. अर्जातून ते लेजरमध्ये चढतं, लेजरमधून गुणपत्रिकेवर, तिथून पदवीवर. मुंबई विद्यापीठाच्या निकालपत्रकात मुलीच्या नावाआधी एक तिरकी रेघही असते. जाणकाराला ती दिसली की कळतं, ही विद्यार्थिनी. महाराष्ट्रात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. अडचण राज्याची वेस ओलांडल्यावर सुरू होते.

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला एक तरुण कतारच्या नोकरीचं पत्र घेऊन आला होता. पासपोर्टवर त्याचं आडनाव आडनावाच्या रकान्यात होतं. पदवीवर चार शब्द ओळीने छापलेले, आणि तिथल्या कार्यालयाने शेवटचा शब्द, म्हणजे त्याच्या आईचं नाव, आडनाव म्हणून नोंदवला होता. पासपोर्टवरचा आणि पदवीवरचा माणूस वेगळा ठरला. त्याने प्रतिज्ञापत्र केलं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र आमच्याकडून घेतलं, मंत्रालयातल्या साक्षांकनाच्या रांगेत पुन्हा उभा राहिला. कागदात चूक कुठेच नव्हती. ‘आडनाव’, ‘नाव’, ‘वडिलांचं नाव’, ‘आईचं नाव’ असे शब्द बारीक अक्षरात त्या ओळीखाली छापले असते तर त्याची नोकरी इतके दिवस टांगणीला लागली नसती. तसा प्रस्ताव आमच्या कक्षाने वर पाठवला होता. नमुना एकदा ठरला की तो बदलायला किती समित्यांतून जावं लागतं, हे विद्यापीठात काम केलेल्या कोणालाही विचारा.

आईचं नाव मात्र काढून टाकू नये, या मताची मी आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च 2024 मध्ये निर्णय घेतला की 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव यावं. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने शैक्षणिक प्रमाणपत्रांवर आई आणि वडील दोघांचीही नावं असली पाहिजेत, असं स्पष्ट सांगितलं. एका कायद्याच्या पदवीधर मुलीच्या प्रमाणपत्रावर फक्त वडिलांचं नाव आलं होतं, म्हणून ती न्यायालयात गेली होती.

आमच्याकडे याच्या उलट प्रकरण आलं. एका मुलीला आईने एकटीने वाढवलं होतं. वडिलांनी ती तान्ही असताना घर सोडलं, नंतर कधी चौकशीसुद्धा केली नाही. दीक्षान्त समारंभाच्या ऑनलाइन अर्जात वडिलांच्या नावाची चौकट रिकामी सोडली तर अर्ज पुढे सरकत नव्हता. कोणीतरी तिला तिथे एक टिंब टाकायचा सल्ला दिला. तिने टाकला नाही. “माझ्या पदवीवर टिंब का म्हणून, मॅडम?” असं तिने विचारलं, आणि तिच्याकडे उत्तरही तयार होतं: तिचा पासपोर्ट. पासपोर्टला डिसेंबर 2016 पासून आई किंवा वडील, एकाचंच नाव चालतं. पॅन कार्डासाठीही 2018 पासून एकट्या आईच्या मुलांना वडिलांचं नाव बंधनकारक नाही. देशाचं सरकार ज्या नावाने तिला परदेशी जाऊ देतं, त्या नावाने विद्यापीठ पदवी देऊ शकत नाही, हे फाइलवर लिहायला कोणी धजावलं नाही. मंजुरी मिळाली आणि तिची पदवी आईच्या नावानिशी छापली गेली. अर्जातली ती सक्तीची चौकट काढायला मात्र पुढचा समारंभ उजाडला.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायका खिडकीवर सतत यायच्या. राजपत्राची प्रत दाखवून जुन्या पदवीवर नवीन नाव मागायच्या. त्यांना नकार द्यावा लागे आणि इथे मला नियम पटतो. परीक्षा ज्या नावाने दिली त्या नावाने पदवी. पुढचा बदल राजपत्रातून सिद्ध करता येतो, आणि नवऱ्याचं नाव लावल्याने बाईने आधी मिळवलेलं काही बदलत नाही.

पण हाच नियम पारलिंगी माणसाला लावला की त्याचा काच होतो. विवाहित बाईला जुनं नाव दाखवावं लागलं तर तिचा थोडा वेळ जातो. पारलिंगी पुरुषाला मुलीच्या नावाची पदवी पुढे करावी लागली तर त्याचं सगळं आयुष्य अनोळखी माणसासमोर उघडं पडतं, तेही नोकरी मागताना. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावरून सगळ्या अधिकृत कागदपत्रांत तशी नोंद करण्याची वाट दिली. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने त्याही आधी, 2015 मध्ये, एका पदवीधराच्या विनंतीवरून प्रमाणपत्रावर ‘मिस’ऐवजी ‘मिक्स’ हे लिंगनिरपेक्ष संबोधन छापलं होतं. आमच्याकडे असा पहिला अर्ज आला तेव्हा लेजरमधली मूळ नोंद कशी बदलायची, यावर फाइल अडली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मार्ग काढला: लेजरमधली नोंद तशीच ठेवायची, शेजारी आदेश क्रमांकासह दुरुस्ती लिहायची, आणि नवीन प्रमाणपत्रावर ‘दुय्यम प्रत’ किंवा ‘सुधारित’ असा शिक्का मारायचा नाही. शिक्का मारला असता तर नवीन कागदाने जुनीच गोष्ट सांगितली असती. तो तरुण प्रमाणपत्र घेऊन बराच वेळ बाकावर बसून वाचत होता.

नावानंतर पदवीचं नाव. विद्यापीठाला वाटेल ते नाव पदवीला देता येतं, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. तसं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्याचं बाविसावं कलम सांगतं की पदवी कोण देऊ शकतं, आणि ‘पदवी’ म्हणजे आयोगाने राजपत्रात नमूद केलेली पदवी. कलम मोडल्यास दंड एक हजार रुपयांपर्यंत. ही रक्कम आजच्या शुल्काच्या मानाने काहीच नाही. खरा दंड विद्यार्थी भरतो. आयोगाने 2014 मध्ये पदव्यांची एकत्रित यादी काढली, त्यात प्रत्येक पदवीची किमान मुदत आणि प्रवेशपात्रताही दिली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेलाही ती लागू झाली. तिथला चार वर्षांचा ‘बी.एस.’ हा अभ्यासक्रम 2011 पासून चालू होता. हरकत आल्यावर त्याचं नाव बी.एस्सी. आणि कंसात रिसर्च, असं झालं. अहमदाबाद-कोलकात्याच्या आयआयएमनी कित्येक दशकं पदविकाच दिली, कारण पदवी द्यायचा कायदेशीर अधिकार त्यांना नव्हता. 2017 चा आयआयएम कायदा 31 जानेवारी 2018 ला लागू झाला आणि तिथून पुढच्यांच्या कागदावर एमबीए आलं. मुंबईत ज्याला सगळे बीएमएम म्हणायचे तो मास मीडियाचा अभ्यासक्रम 2019-20 पासून बीएएमएमसी झाला.

या बदलांच्या मधे सापडलेली मुलं खिडकीवर येतात. एकीच्या पदवीवर विषयाचं नाव नव्या पद्धतीचं होतं, भरतीच्या जाहिरातीत जुन्या पद्धतीचं. अभ्यासक्रम जवळपास तोच. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर तिला बाजूला काढलं. आम्ही समकक्षतेचं पत्र दिलं, पण ते मानायचं की नाही हे भरती करणाऱ्याच्या हातात असतं, आणि तोवर मुदत टळली होती. विद्वत्परिषदेत एखाद्या विषयाचं नाव आकर्षक करण्यासाठी ठराव मांडणाऱ्यांनी एकदा तरी पडताळणीच्या त्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने ही किंमत जाणून मोजली होती. 1916 मध्ये सुरू झालेल्या त्या विद्यापीठाच्या पदव्यांची नावं होती गृहीतागमा आणि प्रदेयागमा. बी.ए., एम.ए.च्या तोडीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून; पण सरकारी मान्यता नाही. त्या पदवीवर सरकारी नोकरी मिळणार नाही हे माहीत असूनही मुली शिकल्या आणि नावापुढे अभिमानाने जी.ए. लावू लागल्या. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने कायदा करून विद्यापीठाला मान्यता दिली. एका सहकारी बाईंच्या घरी मी त्यांच्या आजीच्या नावापुढे ही दोन अक्षरं असलेली जुनी वही पाहिली आहे.

आणि तारीख. शिक्षण संपणं आणि पदवी मिळणं या दोन वेगळ्या तारखा आहेत, हे इतिहासातल्या मोठ्या माणसांनाही भोगावं लागलं. नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींनी 1892 मध्ये ऑक्सफर्डची बी.सी.एल. परीक्षा दिली, पण बायकांना पदवी द्यायची नाही हा तिथला नियम 1920 मध्ये बदलला आणि त्यांना पदवी मिळायला 1922 उजाडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये कोलंबियाहून निघाले. प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पीएच.डी. नाही असा तिथला नियम, म्हणून ग्रंथ 1925 मध्ये छापून झाल्यावर पदवी 1927 मध्ये हाती आली. आपल्याकडे आयोगाच्या 2008 च्या विनियमांनुसार विद्यार्थी पात्र ठरणं अपेक्षित असतं त्या तारखेपासून 180 दिवसांत पदवी दिली पाहिजे. समारंभाला पाहुणा मिळत नाही म्हणून ही मुदत उलटू देणं मला कधीच मान्य झालं नाही. तात्पुरतं प्रमाणपत्र सगळीकडे चालतं असं आपण म्हणतो. परदेशी विद्यापीठाची प्रवेशाची मुदत संपते तेव्हा ते चालत नाही.

प्रमाणपत्रावर काय छापू नये, हेही ठरवावं लागतं. 2017 मध्ये आयोगाने छायाचित्र, आधारसारखा ओळख क्रमांक आणि शिक्षणाचा प्रकार, म्हणजे नियमित की दूरस्थ, छापायला सुचवलं. सप्टेंबर 2023 मध्ये त्याच आयोगाने कळवलं की प्रमाणपत्रांवर पूर्ण आधार क्रमांक छापता येणार नाही. झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानात जाणाऱ्या कागदावर तो क्रमांक असणं धोक्याचंच होतं. ‘दूरस्थ’ हा शब्दही अनेकांना नडतो. दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे आयोगाच्या विनियमांत लिहिलेलं आहे. तरी मुक्त विद्यापीठातून, घर आणि शेत सांभाळून पदवी घेतलेल्या बाईला मुलाखतीत पहिला प्रश्न त्या शब्दावरूनच येतो. शब्द छापायचा तर त्याशेजारी बरोबरीचं ते वाक्यही छापावं.

विद्यापीठाचंच नाव बदलतं तेव्हा काय करायचं? बॉम्बेचं मुंबई 1996 मध्ये झालं, पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव 2014 मध्ये मिळालं. जुन्या पदव्या जुन्याच नावाने राहतात. मराठवाडा विद्यापीठाच्या बाबतीत मात्र हा हिशेब कागदापुरता नव्हता. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला, त्यानंतर वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, आणि 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. ओळखीतल्या एका शिक्षकांनी त्या काळात पदवीची परीक्षा पास होऊनही प्रमाणपत्रासाठी अर्ज केला नव्हता. गुणपत्रिकेवर नोकरी केली, बढती लांबली तरी थांबले. 1994 नंतर अर्ज केला आणि बाबासाहेबांचं नाव असलेलं प्रमाणपत्र घेतलं. नियमाने त्यांना ते मिळालं, कारण प्रदानाची तारीख नंतरची होती.

आता नवीन शैक्षणिक धोरणाने कामाचा नवा डोंगर उभा केलाय. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ‘ऑनर्स’ किंवा ‘ऑनर्स विथ रिसर्च’. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत हे 2024-25 पासून लागू झालं. माझ्या जुन्या जागेवर आता बसणारी मुलगी अधूनमधून फोन करते. परवा तिने एक नमुना वाचून दाखवला. दोन वर्षांनी बाहेर पडलेल्याच्या पदविकेवर ‘शिक्षण अर्धवट सोडल्यामुळे’ असे शब्द कोणीतरी घातले होते. मी तिला म्हटलं, ते तीन शब्द काढ, त्याने मिळवलेले क्रेडिट लिही, आणि पुढे येऊन उरलेली वर्षं पूर्ण करता येतील हे लिही. तिने तशी टिप्पणी लिहून फाइल वर पाठवली आहे. विद्वत्परिषदेची बैठक पुढच्या महिन्यात आहे.