फडकं कुठे आहे?

वाई, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि रात्री कितीतरी वेळ डोळा लागला नाही. तुझ्या स्ट्रॉबेरी आणि क्रीम चीजच्या वड्यांचे थर एकमेकांत उतरले हे मी समजू शकते. पण "मावशी, सगळं ट्रेसकट कचऱ्यात टाकलं," असं तू म्हणालीस आणि माझ्या पोटात कालवलं. अर्धा किलो चीज, अंडी, लोणी, आणि वर तुझी अख्खी रात्र. माईच्या घरात वाढलेली मुलगी तू! तिच्याकडे नासलेल्या दुधाचंसुद्धा संध्याकाळपर्यंत काहीतरी गोडधोड व्हायचं. तेच वाट्यांत घालून चमचे दिले असतेस, तर हळदीकुंकवाच्या बायकांनी वाट्या पुसून खाल्लं असतं. वडी पडली नाही म्हणून पदार्थ वाया जात नाही गं. विकतचा केक कशाला आणायचा?

असो. कुठे चुकलं ते विचारलंस, तर सांगते. पाणी. दुसरं काही नाही.

थंडीत तिकडे चांगली फळं मिळत नाहीत म्हणून तू गोठवलेल्या स्ट्रॉबेरीची पिशवी फोडलीस. स्ट्रॉबेरीत शंभरातले एक्क्याण्णव भाग पाणीच असतं. गोठताना त्या पाण्याचे खडे होतात, ते फळाला आतून फाडतात, आणि वितळलं की फळ बरंचसं पाणी सोडून बसतं. त्यात तू साखर घातलीस, म्हणजे उरलंसुरलंही बाहेर ओढलं. आणि हे सगळं ओव्हनमधून नुकत्या काढलेल्या चीजवर ओतलंस! ते तेव्हा खरवसासारखं लुसलुशीत असतं, त्याला अजून अंगच धरलेलं नसतं. त्याने काय करावं?

पुढच्या वेळी फळ आधी चाळणीत वितळू दे, खाली पातेलं ठेव. चारशे ग्रॅम फळाला तीन चमचे साखर लाव आणि अर्धा तास थांब. जो रस गळेल तो फेकायचा नाही, सगळा रंग आणि वास त्यातच असतो. गार रसातच चमचाभर कॉर्नफ्लॉवर कालव आणि मग उकळ. चांगला खदखदला पाहिजे, नाहीतर पिठूळ लागतो. चमच्याच्या पाठीवर बोट ओढल्यावर रेघ राहिली की फळाचे तुकडे घाल आणि आच बंद कर. मग ते पूर्ण गार. कोमट नव्हे, गार. खालची वडीही गार. तेव्हाच एकमेकांची गाठ घालायची.

आणि चीज कुठलं घेतलंस? डबीतलं, ब्रेडला लावायचं मऊ चीज घेतलं असशील तर तिथेच घोटाळा झाला. ते सहज पसरावं म्हणूनच मऊ केलेलं असतं. चांदीच्या कागदातली वीट घ्यायची. तिच्यातसुद्धा तुमच्या अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पंचावन्न टक्क्यांपर्यंत पाणी चालतं, तेहतीस टक्के स्निग्धांश मात्र असावाच लागतो. म्हणजे तिथेही पाणी आहेच, मग आपण आणखी कशाला भर घालायची?

ह्या क्रीम चीजचं मला एक नवल वाटतं. विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्याने ते 1872च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी करायला घेतलं. तुझ्या न्यू जर्सीपासून ते गाव लांब नाही, कधीतरी जाऊन ये. नाव फिलाडेल्फियाचं लागलं, पण जन्म तिथला नव्हे. आणि मुळात ते काय? सायीचं दूध विरजायचं आणि त्याचं पाणी निथळायचं. म्हणजे चक्क्याचं सख्खं नसलं तरी चुलत भावंडच.

माईचा चक्का आठवतो ना? मोरीच्या खुंटीला गाठोडं, खाली पितळी पातेलं, आणि रात्रभर ते टप्... टप्. तू आणि ताई अंथरुणात पडून थेंब मोजायच्या आणि वीसच्या आत झोपायच्या. सकाळी गाठ सोडली की फडक्याच्या विणीची नक्षी चक्क्यावर उठलेली असायची. ते निथळलेलं पाणी माई थालीपिठाच्या पिठात घालायची. आता तो चक्का घरात टांगायला कुणाकडे सहा-आठ तास नाहीत. परवा एका लग्नात पानात वाढलेल्या श्रीखंडाचं पाणी पार पुरीखाली गेलं, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही! मला घास उतरेना. पाणी निथळायला लागतो तो वेळ कुठल्याही पावडरीने भरून निघत नाही, हे मी तुला पन्नास वर्षांच्या अनुभवाने सांगते. पिळून काढू म्हटलं तर कापडातून चक्काच बाहेर येतो.

मी स्वतः गेल्या फाल्गुनात ह्याच वड्या चक्क्याच्या केल्या. पसरणी घाट उतरून पाचगणीची स्ट्रॉबेरी सकाळी आमच्या बाजारात येते, देठाशी अजून दव असतं. एक किलो घट्ट दह्याचा जेमतेम अर्धा किलो चक्का पडला. त्यात शंभर ग्रॅम साखर, दोन अंडी, आणि चक्का भाजताना पुन्हा पाणी सोडतो म्हणून चमचाभर कॉर्नफ्लॉवर. खाली दोनशे ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा नव्वद ग्रॅम लोण्यात कालवून वाटीच्या बुडाने घट्ट दाबला आणि आधी दहा मिनिटं भाजून घेतला, म्हणजे तो ओल धरत नाही. अंडी घातल्यावर फार फेटायचं नाही. हवा भरते, वडी फुगते आणि मग मधोमध चिरते. 160 अंश सेल्सिअसवर अर्धा तास. कडा बसल्या आणि मध्यभाग जरासा थरथरला की बाहेर. बाहेर तासभर, मग फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी वर फळाचा गार थर पसरला आणि सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकेक वडी कापली. तीन थर, तीन रेघा. शेजारच्या काकूंनी विचारलं, कुठून आणल्या?

रात्रभर म्हणते तेव्हा मला तुझीच काळजी वाटते. रात्री दीडला तू ओव्हन लावलास. जेवली होतीस का, तर कॉफी आणि दोन ब्रेड. दुसऱ्या दिवशी पंधरा बायका येणार, त्याच सकाळी ऑफिसची मीटिंग. हे कोण करतं गं? तीन थरांचा पदार्थ दोन दिवसांत वाटून करायचा असतो. खालचे दोन शुक्रवारी रात्री जेवून झाल्यावर, फळ शनिवारी. नाहीतर सरळ तिळाच्या वड्या करायच्या, कुणी नाव ठेवलं नसतं. फोनवर तुझा आवाज बसलेला होता. सर्दी म्हणालीस, पण तुझ्या लहानपणापासून मी तो आवाज ओळखते. तू रडली होतीस.

बाळ, चीजचं जाऊ दे. मागच्या वेळी तू इकडून निघताना मी दादांच्या जुन्या धोतराचा तुकडा, चारी बाजूंनी टीप घालून, तुझ्या सामानात घातला होता. चक्क्यासाठीच. तिथे असं मऊ, धुऊन धुऊन विरविरीत झालेलं कापड विकत मिळणार नाही. ते कपाटाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते आज शोध. डाग पुसायला घेतलं असशील तरी रागावणार नाही, उकळत्या पाण्यात घालून उन्हात वाळव. रविवारी फोन करशील तेव्हा वड्यांचं नंतर बोलू. आधी जेवलीस का ते सांग, आणि फडकं सापडलं का ते सांग.

तुझी
मावशी